निवृत्तीचे पैसे हातात येताना: फंड, ग्रॅच्युइटी, एनपीएस आणि त्यांवरचा कर

खासगी कंपनीतून निवृत्त होणाऱ्या माणसाला शेवटच्या दिवशी सगळ्यात मोठी धास्ती असते ती एकरकमी पैशांवर लागणाऱ्या कराची. साठ लाख आले, आता वीस लाख सरकार घेणार का, असं लोक खरोखर विचारतात. वस्तुस्थिती अशी की त्या एकरकमी पैशांवर बहुतेकांना करच लागत नाही. कर लागतो तो दोन वेळा. एकदा तरुणपणी, नोकरी बदलताना फंड मोडून टाकला तर. आणि दुसऱ्यांदा निवृत्तीनंतर, त्या पैशांवर व्याज आणि पेन्शन येऊ लागली की. नेमक्या याच दोन वेळी कोणी सल्ला विचारायला येत नाही, म्हणून हा लेख.

आधी एक खुलासा. खालचे कराचे दर, मर्यादा आणि फॉर्मचे क्रमांक २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जुन्या आयकर कायद्याच्या जागी आयकर अधिनियम २०२५ आला आहे. त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, म्हणून मी कलमं जवळजवळ टाळली आहेत. पैसे काढण्याआधी त्या वर्षाच्या मर्यादा एकदा पडताळून घ्या.

पायरी १: तुमचे पैसे कुठे कुठे आहेत ते एका कागदावर लिहा

निवृत्तीच्या निदान सहा महिने आधी हे करा. पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईपीएसची (पीएफला जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन, ग्रॅच्युइटी (दीर्घ नोकरीबद्दल कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम), शिल्लक रजेचे पैसे, पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी), एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना), कंपनीचा सुपरॲन्युएशन फंड (कंपनीची स्वतःची निवृत्ती योजना) असेल तर तो, म्युच्युअल फंड, मुदत ठेवी. प्रत्येकाच्या पुढे दोन गोष्टी लिहा: रक्कम किती, आणि ती कधी काढायची हे तुमच्या हातात आहे की नाही. ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे कधी मिळायचे हे तुम्ही ठरवत नाही. पीपीएफ, एनपीएस आणि म्युच्युअल फंड यांचं वेळापत्रक मात्र बरंचसं तुमच्या हातात असतं, आणि कर वाचवायला जागा असते ती तिथेच.

त्याच बैठकीत यूएएनला (पीएफच्या तुमच्या कायमच्या क्रमांकाला) आधार, पॅन आणि बँक खातं जोडलेलं आहे का ते पाहा. आधारवर एक नाव, पीएफच्या नोंदीत दुसरं, वडिलांच्या नावात एक अक्षर इकडेतिकडे, जन्मतारखेत फरक. दावे अडकतात ते बहुतेक अशाच कारणांनी. नोकरीत असताना कंपनीकडून दुरुस्ती करून घेणं सोपं जातं. पॅन जोडलेलं नसेल तर करपात्र रकमेवर १० ऐवजी २० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) कापला जातो. ई-नॉमिनेशनही तेव्हाच उरकून घ्या.

पायरी २: पीएफ, आणि पाच वर्षांची अट

पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर पीएफमधली पूर्ण रक्कम, म्हणजे तुमचा वाटा, कंपनीचा वाटा आणि दोन्हींवरचं व्याज, करमुक्त असते. तीस वर्षं नोकरी करून निवृत्त होणाऱ्याला इथे काळजीचं कारण नाही.

घोळ होतो तो तरुणांचा. 'खातं पाच वर्षांचं झालं की पैसे करमुक्त' असा समज सर्रास आढळतो. कायदा खात्याचं वय पाहत नाही, नोकरीची वर्षं पाहतो. तीन वर्षं नोकरी केली, सोडली, आणि खातं आणखी दोन वर्षं तसंच ठेवून मग पैसे काढले, तर पाच वर्षं भरत नाहीत. मात्र जुन्या कंपनीतला पीएफ नव्या कंपनीच्या खात्यात वर्ग केला, तर दोन्ही ठिकाणची वर्षं एकत्र धरली जातात. वर्ग करताना टीडीएस नाही, कर नाही. आजारपणामुळे नोकरी सुटली, कंपनीच बंद पडली, किंवा कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली, तर पाच वर्षं न भरताही रक्कम करमुक्त राहते. त्याचा पुरावा, म्हणजे कंपनीचं पत्र किंवा वैद्यकीय कागद, जपून ठेवायला हवा.

पाच वर्षांच्या आत काढल्यास काय होतं ते आकड्यांतच पाहावं. पुण्यात हिंजवडीच्या एखाद्या कंपनीत काम करणारी मुलगी धरू. मूळ पगार ५०,०००. दरमहा तिचा वाटा ६,०००. कंपनीचाही तेवढाच, पण ती ईपीएसची सदस्य आहे असं धरलं तर त्यातले १,२५० ईपीएस पेन्शनकडे जातात, म्हणून पीएफमध्ये ४,७५० येतात. चाळीस महिन्यांनी तिने नोकरी बदलली. तिचे स्वतःचे २,४०,०००, कंपनीचे १,९०,०००, तिच्या वाट्यावरचं व्याज सुमारे ३३,००० आणि कंपनीच्या वाट्यावरचं सुमारे २६,०००. एकूण ४,८९,०००. गाडी घ्यायची म्हणून तिने ते काढले.

यातले तिचे स्वतःचे २,४०,००० करपात्र नाहीत, कारण ती नव्या करप्रणालीत आहे (जुनी की नवी, याबद्दल पुढे) आणि त्यांवर ८०सी ची, म्हणजे बचतीवर मिळणारी, वजावट तिने कधी घेतलेली नाही. जुन्या प्रणालीत वजावट घेतली असती तर तेही परत उत्पन्नात मिळवावे लागले असते. कंपनीचा वाटा आणि त्यावरचं व्याज हे पगार म्हणून करपात्र. स्वतःच्या वाट्यावरचं व्याज इतर उत्पन्न म्हणून. बेरीज २,४९,०००.

प्रमाणित वजावटीनंतर (पगार किंवा पेन्शनमधून सरसकट मिळणाऱ्या वजावटीनंतर) तिचं वर्षाचं उत्पन्न ११,५०,००० होतं असं समजा. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असलेल्याला रिबेटमुळे, म्हणजे निघालेल्या करातच मिळणाऱ्या सवलतीमुळे, कर शून्य. फंड काढल्यामुळे उत्पन्न १३,९९,००० झालं आणि रिबेट गेला. आता कर असा: ४ ते ८ लाखांवर २०,०००, ८ ते १२ लाखांवर ४०,०००, वरच्या १,९९,००० वर १५ टक्क्यांनी २९,८५०. बेरीज ८९,८५०, आणि ४ टक्के उपकरासह ९३,४४४ रुपये.

शून्याचे ९३,४४४ झाले ते अडीच लाखांच्या वाढीव उत्पन्नामुळे. टीडीएस फक्त १० टक्क्यांनी कापला गेलेला असतो, म्हणून तिला वाटतं की कर भरून झाला. रिटर्न भरायला बसल्यावर उरलेला आकडा समोर येतो, आणि तोवर गाडी दारात आलेली असते. हाच पीएफ नव्या कंपनीत वर्ग केला असता तर यातला एक रुपयाही गेला नसता, आणि ४,८९,००० वर पुढची तीस वर्षं व्याज चढत राहिलं असतं. नोकरी बदलताना फंड काढू नका, वर्ग करा. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

काढण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर निदान वर्ष निवडा. पुढच्या शिक्षणासाठी किंवा बाळंतपणासाठी नोकरी सोडली असेल आणि येत्या आर्थिक वर्षात पगार जवळजवळ नसेल, तर मार्चऐवजी एप्रिलनंतर अर्ज केल्याने हाच कर शून्यापर्यंत येऊ शकतो. रक्कम ५०,००० किंवा अधिक असेल तरच टीडीएस कापतात. वर्षाचा कर शून्य असणारा फॉर्म १५जी देऊन तोही थांबवू शकतो. पण पगारदार माणसाने टीडीएस टाळायचा म्हणून खोटा १५जी देणं हा गुन्हा आहे. तसा सल्ला देणारे सायबर कॅफेवाले पुष्कळ आहेत, ऐकू नका.

आणखी दोन बारीक गोष्टी. वर्षाला अडीच लाखांपेक्षा जास्त स्वतःचा वाटा, ऐच्छिक भविष्य निर्वाह निधी धरून, टाकणाऱ्यांच्या वरच्या रकमेवरचं व्याज १ एप्रिल २०२१ पासून दरवर्षी करपात्र आहे. आणि निवृत्तीनंतर पैसे पीएफमध्येच पडून राहिले तर नोकरी संपल्या तारखेपासूनचं व्याज करपात्र ठरतं; बंगळुरूच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. २०२४-२५ चा पीएफचा दर ८.२५ टक्के होता, म्हणून पैसे तिथेच ठेवावेसे वाटणं साहजिक आहे. पण ५५ वर्षांनंतर निवृत्त झालेल्याने ३६ महिन्यांत दावा केला नाही तर खातं निष्क्रिय होतं आणि व्याजच थांबतं.

पायरी ३: ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे

सरकारी कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी आणि निवृत्तीच्या वेळचे रजेचे पैसे पूर्ण करमुक्त आहेत. त्यांनी ही पायरी सोडली तरी चालेल.

खासगी नोकरीत ग्रॅच्युइटीची करमुक्त मर्यादा २० लाख आहे, आणि ती आयुष्यभराची आहे. आधीच्या कंपनीत ६ लाखांवर सूट घेतली असेल तर आता १४ लाखांवरच मिळेल. हिशेब: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचं, आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. ६०,००० पगार आणि ३० वर्षं नोकरी असेल तर १०,३८,४६२ रुपये. कंपनीने खुशीने यापेक्षा जास्त दिलं तर वरची रक्कम करपात्र. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत वेतन कशाला म्हणायचं याची व्याख्या बदलली आहे, म्हणून कंपनीने हिशेबात कोणता पगार धरला ते लेखी मागून घ्या.

रजेच्या पैशांची मर्यादा वर्षानुवर्षं ३ लाखांवर अडकून होती. १ एप्रिल २०२३ पासून ती २५ लाख झाली. शिवाय दहा महिन्यांच्या सरासरी पगारापेक्षा जास्त रकमेला सूट नाही. वरच्याच ६०,००० पगाराच्या माणसाकडे आठ महिन्यांची रजा शिल्लक असेल तर ४,८०,००० पूर्ण करमुक्त. हीच रजा नोकरीत असताना विकली तर मात्र सगळी करपात्र. मुलीच्या लग्नाच्या वर्षी रजा विकण्यापेक्षा ती निवृत्तीपर्यंत साठवलेली बरी, कंपनीच्या नियमात बसत असेल तर.

पेन्शन विकण्याबद्दल, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदल्यात एकरकमी पैसे घेण्याबद्दल, थोडक्यात: सरकारी कर्मचाऱ्याने विकलेल्या पेन्शनची एकरकमी रक्कम पूर्ण करमुक्त. खासगी कंपनीच्या पेन्शनमध्ये ग्रॅच्युइटीही मिळाली असेल तर एकूण पेन्शनच्या एक तृतीयांशाइतकी विक्री करमुक्त, ग्रॅच्युइटी नसेल तर निम्म्याइतकी.

पायरी ४: एनपीएस

एनपीएसमध्ये ६० व्या वर्षी जमा रकमेच्या ६० टक्के एकरकमी काढता येतात आणि ते करमुक्त असतात. उरलेल्या ४० टक्क्यांची विमा कंपनीकडून ॲन्युइटी (ठरावीक पेन्शन देणारी योजना) घ्यायची. घेताना कर नाही, पण दर महिन्याला येणारी ॲन्युइटी तुमच्या उत्पन्नात मिळवली जाते आणि त्यावर तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. लोक हे विसरतात. एनपीएस पूर्ण करमुक्त आहे असं सांगून विकणारा एजंट भेटला तर त्याला ॲन्युइटीबद्दल विचारा.

डिसेंबर २०२५ मध्ये पीएफआरडीएने (एनपीएसचे नियम ठरवणाऱ्या प्राधिकरणाने) नियम बदलून बिगरसरकारी सदस्यांना ८० टक्क्यांपर्यंत एकरकमी काढायची मुभा दिली. ऐकायला छान वाटतं. पण काढायची मुभा पीएफआरडीए देते आणि करमाफी आयकर कायदा देतो. १९६१ च्या कायद्यातली करमाफी ६० टक्क्यांपर्यंतच लिहिलेली होती. ४० लाख जमा असतील तर २४ लाख निर्धास्त काढा. वरच्या ८ लाखांना हात लावण्यापूर्वी त्या वर्षी कायदा काय म्हणतो ते सीएकडून लेखी घ्या. ८ लाख एकाच वर्षी उत्पन्नात आले तर काय होतं ते हिंजवडीच्या उदाहरणात पाहिलंच.

६० टक्के एकदम काढायची सक्तीही नाही. दरमहा किंवा तिमाही हप्त्याने ते काढायची सोय आहे, तोवर उरलेली रक्कम गुंतलेली राहते. ज्यांना एकदम एवढे पैसे हातात आल्यावर नातेवाइकांना 'नाही' म्हणता येत नाही, त्यांच्यासाठी मला ही सोय फार मोलाची वाटते. ६० च्या आधी काही ठरावीक कारणांसाठी स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते, आणि तीही करमुक्त असते.

पायरी ५: पीपीएफला शेवटी हात लावा

पीपीएफचं व्याज करमुक्त, मुदतीनंतरची रक्कमही करमुक्त. १५ वर्षं झाली म्हणून खातं बंद करून ते पैसे बँकेत ठेवणारे लोक करमुक्त व्याज सोडून करपात्र व्याज पत्करतात. खातं पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. नवे पैसे न भरता वाढवलं तर वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. पैसे भरत राहायचे असतील तर मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत तसा अर्ज द्यावा लागतो. तो राहिला तर भरायची सोय जाते. खर्चासाठी आधी करपात्र व्याज वापरा, मग ठेवी, आणि पीपीएफ अगदी शेवटी. अडीअडचणीलाही तोच उपयोगी पडतो, कारण त्यातून कितीही काढलं तरी त्या वर्षाच्या उत्पन्नात भर पडत नाही.

पायरी ६: पैसे आले, आता खरा कर

तीस वर्षं नोकरी केलेल्या आपल्या माणसाकडे परत येऊ. ग्रॅच्युइटी १०,३८,४६२, रजेचे ४,८०,०००, पीएफ ४५ लाख. एकूण ६०,१८,४६२. यावर कर शून्य. त्याने ३० लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले. ३० लाख हीच तिथली कमाल मर्यादा. वर्षाचं व्याज २,४६,०००, दर तिमाहीला ६१,५०० हातात. बाकी ३० लाख बँकेत ७ टक्क्यांनी, व्याज २,१०,०००. ईपीएसची पेन्शन महिना ६,०००, वर्षाला ७२,०००.

पेन्शनवर नव्या प्रणालीत ७५,००० पर्यंत प्रमाणित वजावट मिळते, म्हणजे तिच्यावर कर नाही. उरलं ४,५६,००० व्याज. ४ लाखांच्या वरच्या ५६,००० वर ५ टक्के म्हणजे २,८००, आणि रिबेटनंतर तेही शून्य.

कर शून्य असला तरी पोस्ट २४,६०० आणि बँक २१,००० टीडीएस कापेल. ज्येष्ठ नागरिकाचं एका बँकेतलं किंवा पोस्टातलं व्याज वर्षाला एक लाखाच्या वर गेलं की १० टक्के कापायचे हा त्यांना घालून दिलेला नियम आहे. म्हणून दर एप्रिलमध्ये, पहिलं व्याज जमा होण्याआधी, फॉर्म १५एच पोस्टात आणि प्रत्येक बँकेत द्यायचा. मागच्या वर्षी दिला होता हे चालत नाही, दरवर्षी नवा. विसरलात तर ४५,६०० रुपये रिटर्न भरून परताव्यात मिळेपर्यंत अडकून पडतात. पेन्शन सहा हजार असलेल्या घराला ही रक्कम लहान नाही.

आता एक वाक्य नीट वाचा: हे सगळं ६० पूर्ण झालेल्यांसाठी आहे. आपल्याकडे अनेक कारखाने ५८ ला निवृत्त करतात. ती दोन वर्षं फार फसवी असतात. निवृत्त झालात, पण आयकराच्या लेखी ज्येष्ठ नाही. १५एच देता येत नाही, १५जी द्यावा लागतो. आणि १५जी साठी कर शून्य असून भागत नाही, एकूण व्याजही ४ लाखांच्या आत लागतं. आपल्या माणसाचं व्याज ४,५६,००० आहे, म्हणजे त्याला १५जी देताच येत नाही. टीडीएसची मर्यादाही एका बँकेला ५०,००० च. शिवाय ६० च्या पुढे, धंद्याचं उत्पन्न नसेल तर, अग्रिम कर (वर्ष संपण्याआधीच हप्त्यांनी भरायचा कर) भरावा लागत नाही. ५८ ला कर देणं निघत असेल तर तो भरावा लागतो. एकच दिलासा असा की ५५ नंतर निवृत्त झालेल्याला निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ज्येष्ठ नागरिक योजनेत खातं उघडता येतं, ६० ची वाट पाहावी लागत नाही. तीन महिने झरझर निघून जातात, म्हणून पैसे आले की सगळ्यात आधी हे काम. ५८ ते ६० च्या दोन वर्षांत रिटर्न न चुकता भरा आणि परतावा घ्या.

जुनी प्रणाली की नवी

धंद्याचं उत्पन्न नसलेल्याला दरवर्षी रिटर्न भरताना निवड बदलता येते. जुन्या प्रणालीत ६० ते ७९ वयाला ३ लाख आणि ८० च्या पुढे ५ लाख करमुक्त, ज्येष्ठांना व्याजावर ५०,००० ची वजावट, आरोग्य विम्याच्या हप्त्याची वजावट. नव्या प्रणालीत ४ लाख करमुक्त आणि १२ लाखांपर्यंत रिबेट. घरभाडं, व्याज, पेन्शन सगळं धरून १२ लाखांच्या आत असाल तर नवीच घ्या, विचार करत बसू नका. त्यापुढे असाल तर दोन्हीचा हिशेब मांडून पाहा.

एक खाचखळगा ठेवा लक्षात. शेअर आणि इक्विटी म्युच्युअल फंडांच्या नफ्यावरच्या विशेष दराच्या कराला हा रिबेट नाही. एक वर्षाहून जुन्या युनिटवर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी विकले तर २० टक्के. तरीही फंडातून दरमहा ठरावीक रक्कम काढणं, म्हणजे एसडब्ल्यूपी, अनेकदा हलकं पडतं, कारण कर फक्त नफ्याच्या भागावर असतो. दहा लाख एकदम गुंतवले आणि त्यांचे सोळा झाले असतील, तर १,६०,००० काढल्यावर त्यात नफा ६०,००० च. तो सव्वा लाखाच्या आत बसतो. मात्र १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाच्या (कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडाच्या) नफ्यावर साध्या उत्पन्नासारखाच कर आहे.

पायरी ७: बायकोच्या नावावर, पतसंस्थेत, आणि इतर घरगुती वाटा

कर वाचवायला म्हणून निवृत्तीचे पंधरा लाख पत्नीच्या नावावर ठेवायचे, हे घरोघरी चालतं. त्या पैशांवरचं व्याज कायद्याने पतीच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. त्या व्याजाची पुन्हा गुंतवणूक करून येणारं उत्पन्न मात्र तिचं. पत्नीच्या नावावर ठेवू नका असं मी म्हणणार नाही; तिच्या हातात स्वतःचे पैसे असणं करापेक्षा मोठं आहे. फक्त रिटर्नमध्ये ते व्याज दाखवा. सज्ञान मुलांना दिलेल्या पैशांना हा नियम नाही, पण ते पैसे मग तुमचे राहत नाहीत, हेही मनाशी धरून चाला.

गावाकडे आणि तालुक्याच्या ठिकाणी पतसंस्थेत जास्त व्याजाने ठेव ठेवली जाते. पुष्कळ पतसंस्था सभासदाच्या व्याजावर टीडीएस कापत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं ते व्याज करमुक्त. तसं नाही, ते पूर्ण करपात्र आहे. शिवाय बँकेतल्या ठेवीला असलेलं पाच लाखांचं विम्याचं संरक्षण पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. आयुष्यभराचा फंड एका पतसंस्थेत ठेवू नये असं माझं ठाम मत आहे, कर असो वा नसो.

अमेरिका, ब्रिटन किंवा कॅनडातून परत आलेल्यांची तिकडची निवृत्ती खाती असतात. इथले रहिवासी झाल्यावर त्या खात्यातल्या वाढीवर इथे दरवर्षी कर, आणि पैसे काढताना तिकडे पुन्हा कर, अशी ओढाताण होत असे. या तीन देशांतल्या खात्यांसाठी आता पैसे काढाल त्या वर्षी कर भरण्याचा पर्याय घेता येतो. त्यासाठी रिटर्नच्या मुदतीआधी फॉर्म १०ईई भरावा लागतो, आणि एकदा घेतलेला पर्याय मागे घेता येत नाही. अमेरिकेतल्या ४०१(के) या नोकरदारांच्या निवृत्ती खात्यातून साडेएकोणसाठच्या आधी पैसे काढले तर तिथे बहुतेकदा १० टक्के दंडही लागतो. हे प्रकरण एकट्याने हाताळण्यासारखं नाही. दोन्हीकडचं जाणणारा सीए गाठा.

पायरी ८: रिटर्न

करमुक्त रक्कमही रिटर्नमध्ये दाखवायची असते. पीएफ आणि पीपीएफची रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात, ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे पगाराच्या भागात दाखवून तिथेच सूट घ्यायची. बँकेत साठ लाख जमा झाल्याचं दिसतं आणि रिटर्नमध्ये काहीच नाही, असं झालं की विचारणा होऊ शकते. रिटर्न भरण्याआधी आयकराच्या संकेतस्थळावरून २६एएस (कापलेल्या कराचा तक्ता) आणि एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांचं विवरण) काढून बँक, पोस्ट आणि पीएफच्या नोंदी आपल्या हिशेबाशी ताडून पाहा.

फॉर्म १६, ग्रॅच्युइटीचा हिशेब, रजेच्या पैशांचं कंपनीचं पत्र, पीएफचं पासबुक आणि पाच वर्षांच्या नोकरीचा पुरावा एका फायलीत ठेवा, आणि ती कुठे आहे ते घरात सांगा. निवृत्तांपैकी एखादा गेला तर कुटुंबाला मिळणाऱ्या पेन्शनवर वेगळी वजावट आहे: एक तृतीयांश किंवा नव्या प्रणालीत २५,०००, यातलं जे कमी ते.

७५ पूर्ण झालेल्या आणि फक्त पेन्शन व त्याच बँकेतलं व्याज एवढंच उत्पन्न असलेल्या निवासी नागरिकाला रिटर्नमधून सूट मिळते. त्यासाठी बँकेला फॉर्म १२बीबीए द्यायचा. बँकच कराचा हिशेब करून कापून घेते. ठेवी दोन बँकांत असतील तर ही सोय मिळत नाही, म्हणून सत्तरीच्या पुढे ठेवींच्या मुदती संपतील तशी खाती हळूहळू पेन्शनच्या बँकेकडे आणायची का, याचा विचार सुरू करा. पाच लाखांच्या विम्याचं गणित त्याच वेळी मांडून पाहायचं.